दांडा सहावर

माझी जाऊ हल्ली रोज मोबाईलवर एक पाककृती पाठवते. एकाच भांड्यात, अर्ध्या तासात, दमून आल्यावर, पानगळीच्या संध्याकाळी. जणू भोपळा आणि कोंबडी एकत्र शिजतात हा शोध परवाच लागलाय. मी एक हसरा चेहरा पाठवून देते, वाद कोण घालत बसणार. पण एका भांड्यातल्या जेवणाबद्दल मला कुणी शिकवू नये. मी अकरा वर्षांची असताना सहा आठवडे ते जेवण रोज माझ्यासमोर मांडलं जायचं आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. ते करणारा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा.

तो माझ्या आईचा दुसरा नवरा. तेव्हा मी मनातल्या मनात त्याला घड्याळवाला म्हणायची, तेही एकेरीत, आणि अजून सांगायला बसलं की तेच तोंडात येतं. त्याला ते माहीत आहे. त्याचं म्हणणं, मी घड्याळवालाच आहे, दुसरं काय म्हणणार ती.

माझे बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. आईनं मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं, विचारलंसुद्धा, आणि मी ‘बरं’ म्हटलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या ‘बरं’मध्ये काय असतं ते आईला कळायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता मलाच मुलगी आहे, तर वाटतं की तिला चांगलंच कळलं होतं. म्हणून तर तिनं माझ्याशी तह केला. पानगळ सुरू होताना आम्ही त्याच्या घरी राहायला जायचं. सहा आठवडे राहून बघायचं. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी आत्या येईल. ही माझ्या बाबांची बहीण, आमच्या जुन्याच गल्लीत राहायची, तिच्या घरापासून माझी शाळा दोन मिनिटांवर. “तुला इथं राहायचं नसेल तर तू तिच्याबरोबर जा,” आई म्हणाली, “मी अडवणार नाही.” हे बोलताना ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. तिनं निळा आणि काळा मोजा एकत्र गुंडाळला. मी पाहिलं आणि सांगितलं नाही.

तर माझं ठरलेलंच होतं. सहा आठवडे तोंड शिवून काढायचे आणि आत्याकडे चालू पडायचं. आत्याकडे माझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग होता.

घड्याळवाल्याचं दुकान बाजाराच्या जिन्याखाली होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल, एक दिवा, आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी पंधरा-वीस घड्याळं. शाळेतून येताना वाटेत लागायचं म्हणून मी लांबून बघायची. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यावर भिंग, हातात चिमटा. घड्याळ उघडलं की त्यातला सुटा भाग तो एका पांढऱ्या बशीत ठेवायचा. पहिला भाग बशीच्या वरच्या टोकाला, म्हणजे बारावर. दुसरा त्याच्या उजवीकडे. असं गोल फिरत फिरत. जोडताना उलटं फिरत यायचं. बशीला कुणी हात लावायचा नाही. बशी हलली की कुठला स्क्रू कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं त्याच्या वडिलांनी मला सांगितलं.

हे त्याचे वडील आमच्यातच राहायचे. पस्तीस वर्षं टपाल वाटलेलं, गुडघे गेलेले, दातांची कवळी, आणि डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलेलं. त्यांना मी पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणू लागले, कारण त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. ते मला ‘पार्सल’ म्हणायचे. “पार्सल आलंय, पण सही करून घ्यायला पार्सलच तयार नाही,” असं म्हणून स्वतःच हसत बसायचे.

आई औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. सोमवार ते शुक्रवार तिची पाळी दुपारी बारा ते रात्री आठ. शनिवार-रविवार ती घरी, तेव्हा स्वयंपाक तिचा आणि मी व्यवस्थित जेवायची. बाकी पाच दिवस संध्याकाळचं जेवण घड्याळवाल्याकडे. आजोबांना साडेसहाला गोळ्यांबरोबर खावं लागायचं. तो सहाला घरी पोचायचा, तोवर बाहेर अंधारून आलेलं असायचं आणि अंगणातल्या झाडाची पानं बुटांना चिकटून त्याच्याबरोबर आत यायची. आल्या आल्या तो हात धुऊन शेगडी पेटवायचा.

त्याच्याकडे एकच भांडं होतं. बिडाचा खोलगट तवा, परातीएवढा, लांब दांड्याचा, वर जड झाकण. दुसरी भांडी आई घेऊन आली होती, पण त्याला ती सुधरायची नाहीत. आणि आम्ही माणसं चार, चौघांच्या चार तऱ्हा. आजोबांना मीठ नको आणि सगळं मऊ हवं. आई दोन तासांनी येणार, तिचं गरम करताना गाळ व्हायला नको. मला कांदा दिसला तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. यानं दुकानातून पत्र्याच्या दोन पट्ट्या आणल्या, खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या आणि त्यांची फुली तव्यात उभी केली. तव्याचे चार भाग झाले. दांडा नेहमी त्याच्याकडे, म्हणजे सहावर. समोर बारावर आजोबा. त्याच्या उजव्या हाताला तीनवर मी. डावीकडे नऊवर आईची रिकामी खुर्ची.

आधी शिजायला वेळ लागणारं. आजोबांचा भोपळा आणि गाजर सगळ्यांत आधी. मग माझ्या भागात कोंबडीचे तुकडे. मग आईचा घेवडा, तो जरा कच्चट ठेवायचा. थोडं पाणी, झाकण, बारा मिनिटं. घड्याळाकडे न बघता बारा मिनिटं. मग फुली अलगद वर उचलायची आणि सगळ्यावरून फेटलेली अंडी ओतायची. पुन्हा झाकण. अंडं बसलं की वरून सगळा तवा एकसारखा पिवळा, कुणाच्या खाली काय आहे ते नुसतं पाहून कळायचं नाही. कळायचं ते दांड्यावरून. टेबलावर लाकडी पाट, पाटावर तवा, दांडा सहावर, आणि ज्यानं त्यानं आपल्यासमोरचं चमच्यानं कापून घ्यायचं.

वास असा सुटायचा की काय सांगू. आणि मी, माझ्या मेल्या हट्टापायी, समोर पुस्तक उभं धरून पाव आणि जॅम खायची.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, “थोडं घेऊन बघ.” मी म्हटलं, “भूक नाही,” आणि पावाचा चौथा तुकडा उचलला. त्यानंतर त्यानं कधी आग्रह केला नाही. मला वाटलं, जिंकले. माझा भाग रोज तसाच राहायचा. आई साडेआठला यायची, ओव्हरकोटही न काढता आधी तव्याचं झाकण उचलायची, तीनवर नजर टाकायची आणि झाकण खाली ठेवायची. मग कोट काढायची. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या डोक्यातच आली नाही. जॅमची बरणी कधी संपली नाही. पाव रोज ताजा असायचा. ते कोण आणत होतं हा प्रश्न मला सहा आठवड्यांत एकदाही पडला नाही. एवढी मी हुशार.

बोलायचं तर मी त्याच्याशी जिभेला वळसे घालून बोलायची. त्याला हाक मारावी लागू नये म्हणून आजोबांना सांगायची, “आजोबा, किल्ली हवी होती म्हणे कुणाला तरी.” आजोबा म्हणायचे, “पत्ता अपुरा आहे, पत्र पोचणार नाही.” तो गालात हसून किल्ली टेबलावर ठेवायचा.

सहाव्या आठवड्याच्या बुधवारी माझी शाळेत भांडणं झाली होती, कशावरून ते सोडा. घरी आले ती धुमसतच. तवा समोर आला, त्याचा तो शांत चेहरा समोर आला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय करावं? मी पावाची जॅम माखलेली कड घेतली आणि माझ्या भागात अंड्याखाली खुपसली. चांगली बोटानं दाबून. मग पुस्तक उभं केलं. त्यानं पाहिलं. आजोबांनीही पाहिलं. आजोबा काहीतरी बोलणार होते, तर यानं त्यांच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, माझी बॅग भरून झाली होती. पलंगाखाली ठेवली होती, आईला दिसू नये म्हणून, आणि आईला ती दिसली होती. घड्याळवाला सहाला आला, तवा चढवला, फुली काढली, अंडी ओतली, झाकण ठेवलं. मग पावाचा डबा उघडून बघितला.

“पाव संपलाय,” तो आजोबांना म्हणाला. “मी आलोच. सात मिनिटांनी तवा उतरवायला लागेल.”

तो गेला. सात मिनिटं झाली. आजोबांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते, नेहमीच थरथरायचे. “मी उतरवला तर जेवण फरशीवर. पार्सल, ऊठ.”

मी उठले. दांड्याला फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांनी तवा उचलला. जड होता, मेला. कसाबसा टेबलापर्यंत आणला, माझ्या बाजूनं पाटावर टेकवला आणि माझ्या खुर्चीत बसले. दांडा माझ्याकडे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सहा आठवडे पुस्तकाआड बसलेल्या मुलीला दांडा कुठं असतो ते काय माहीत असणार.

झाकण काढलं. वास आला. पाव नव्हता. आणि तो घरात नव्हता. खरं सांगायचं तर हेच मुख्य. बघायला कुणी नव्हतं, तर हरायचं कुणासमोर? आजोबा तर खायला लागलेसुद्धा. मी चमचा उचलला, माझ्यासमोरचं अंडं कापलं आणि मोठा घास भरला.

कोंबडी होती, पण कोरडी पडलेली, दोनदा गरम केल्यासारखी. मी अंडं आणखी बाजूला केलं. खालून पावाची कड निघाली. जॅम शिजून काळपट झाला होता आणि त्यावर माझ्या बोटानं दाबलेला खळगा होता.

मला आधी वाटलं, शिक्षा. मी केलेलं मलाच वाढलंय. संताप आला आणि त्याच्या पाठोपाठ, का कोण जाणे, बरंही वाटलं. चला, एकदाचा चिडला. आत्याला सांगायला झालं.

“आजोबा,” मी म्हटलं, “हे कालचं आहे.”

आजोबा डोळे मिटून चावत होते. “हो का? माझं तर आज फारच छान झालंय. कोंबडी काय मऊ आहे. आणि मीठ. वा.” मग त्यांनी डोळे उघडले, तव्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं आणि चमचा हळूच खाली ठेवला. “अगं, दांडा,” ते म्हणाले.

“काय दांडा?”

“दांडा सहावर असतो. त्याच्याकडे. तू तवा फिरवून ठेवलास. मी तुझा भाग खाल्ला. तुझ्यासमोर आहे तो त्याचा.”

मला कळायला थोडा वेळ लागला. आजोबा चष्मा पुसत बसले. मग सगळं कळलं आणि एकदम कळलं.

“म्हणजे रोज?”

“रोज. तू ठेवतेस ते तो डब्यात काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या भागात घालतो. शुक्रवारचंसुद्धा सोमवारसाठी फ्रिजमध्ये ठेवतो. तुझ्या आईनं सांगितलं की मी खाते, तर म्हणाला, तुला काम असतं, तू ताजं खा.” आजोबांनी चष्मा चढवला. “तुला सांगायचं नाही असं आम्हाला बजावलं होतं. पण मला मीठ पोटात गेलं की खोटं बोलता येत नाही.”

मी काय करायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. मी काय केलं ते सांगते. मी ती पावाची कड उचलली आणि खाल्ली. काय घाणेरडी लागत होती. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चवीमुळे नव्हतं. मला माझी लाज वाटली. इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी वाटलेली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. घड्याळवाला आत आला. एका हातात पाव, दुसऱ्या हातात जॅमची नवी बरणी, बुटाला एक पान. त्यानं आधी तवा पाहिला, मग दांडा, मग माझ्या हातातला चमचा. आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू चोरी त्यानंच केली होती आणि पकडला गेला होता.

“दांडा तीनवर कसा?” तो म्हणाला. मग लगेच आजोबांकडे वळला. “बाबा, किती खाल्लंत?”

“चार घास.”

“नक्की?”

“सात.”

त्यानं त्यांना पाणी दिलं, मनगट धरून नाडी पाहिली. नाडीसाठी त्याला घड्याळ लागलं नाही. मग बसला. पावाची पिशवी माझ्यासमोर सरकवली.

“रोज माझं उष्टं खाता?” मी विचारलं. सहा आठवड्यांत त्याला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तो असा.

“उष्टं कुठं,” तो म्हणाला. “तू हात तरी कुठं लावतेस त्याला. चांगलं असतं. टाकवत नाही.”

“काल मी त्यात पाव खुपसला होता.”

“पाहिलं मी. पावही चांगलाच होता.”

एवढंच. रागावला असता तर मी त्याला पुरून उरले असते. त्यानं तवा सावकाश फिरवला, दांडा सहावर आणला. माझ्या भागात जे उरलं होतं ते आता माझ्यासमोर आलं. मऊ कोंबडी, कांद्याचा एक कणही नाही. सहा आठवडे रोज हे माझ्यासाठी होतं. मी खाल्लं. भूक होती आणि छान झालं होतं, आणि पुस्तक खाली पडलं तर मी ते उचललं नाही. पाव तसाच पिशवीत राहिला.

शुक्रवार आला, तहाची शेवटची संध्याकाळ. मी माझा भाग बीड दिसेपर्यंत पुसून खाल्ला. घड्याळवाला त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला, सुटा केलेला भाग बशीत सापडू नये तसा. मग भांडी उचलता उचलता, पाठमोराच, हळू आवाजात म्हणाला, “डब्यात ठेवायला काही उरलं नाही. सोमवारी माझ्या भागात काय घालू?”

तो मला जेवणाचं विचारत नव्हता हे मला समजलं. राहणार का, असं विचारायचा त्याला धीर नव्हता.

“तुम्हाला काय आवडतं?” मी म्हटलं.

तो थांबला. बराच वेळ विचार केला. खरंच विचार करत होता, टाळत नव्हता. “आठवत नाही,” तो म्हणाला. “मला काहीही चालतं.”

साडेआठला आई आली. कोट अंगावर, हात झाकणावर. तिनं तीनवर पाहिलं. झाकण खाली ठेवायचं विसरली. तसंच हातात धरून खुर्चीत बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, तोंडावर हात ठेवून. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, “आई, उद्या आत्याला जेवायला ठेवून घेऊ. पण मी जात नाही.” तिनं मला इतकं घट्ट धरलं की कोटाचं बटण गालावर उमटलं. सहा आठवडे ती रोज हे झाकण कुठल्या आशेनं उचलत असेल, हे माझ्या मनात आलं आणि मग मीही रडले. आत्या दुसऱ्या दिवशी आली, पोटभर जेवली आणि म्हणाली, “पलंग असू दे, सुट्टीत येशीलच की.” बॅग मी स्वतः रिकामी केली.

रविवारी मी आजोबांना गाठलं. “त्यांना लहानपणी काय आवडायचं?”

आजोबांना विचार करावा लागला नाही. “तव्यावर परतलेलं सफरचंद. जाड फोडी, थोडं लोणी, कडा जळाल्या पाहिजेत. त्याची आई करायची. ती गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मग मी कुठला करतोय सफरचंदं. मी टपाल वाटून यायचो, काहीतरी शिजवायचो, तो मुकाट खायचा. आवडतं का असं मी कधी विचारलं नाही.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “विचारायला हवं होतं.”

सोमवारी तो सहाला आला तेव्हा मी शेगडीपाशी उभी होते. फुली तव्यात बसवलेली. बारावर भोपळा, तीनवर कोंबडी, नऊवर घेवडा. सहाच्या भागावर मी बशी पालथी घातली होती आणि त्याला बघू दिलं नाही. अंडी त्यानं फेटून दिली, बशी काढून ती ओतण्यापासून बाकी सगळं मी केलं. आजोबा टेबलाशी बसून सूचना देत होते आणि त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

तवा मी उचलला. टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीच्या बाजूनं गेले आणि पाटावर टेकवला.

त्यानं चमच्यानं अंडं बाजूला केलं. खाली सफरचंदाच्या फोडी होत्या, एक जाड एक पातळ, कडा जरा जास्तच जळालेल्या. त्यानं एक फोड तोंडात घातली आणि चावायचं थांबला. आजोबांनी मान खाली घातली. मला वाटलं, बिघडलं.

मग त्यानं घास गिळला. डोळे पुसले नाहीत, ते तसेच भरलेले राहू दिले.

“दांडा सहावर ठेवलास ना?” तो म्हणाला. “हे माझंच आहे?”

“बघा की,” मी म्हटलं. “तुमच्याकडेच आहे.”